टेलविंड ४ : मराठी संकेतस्थळांवर आठ महिन्यांनंतर

घोडबंदर रोडवरच्या दोन सोसायट्यांचे ऑनलाइन सूचनाफलक आणि वाशीतल्या एका शिकवणी क्लासची साइट. तिन्ही पूर्ण मराठीत, तिन्ही आठ महिने टेलविंड ४ वर. टेलविंड म्हणजे सीएसएसचा (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचा) तयार संच; त्यातली छोटी नावं, म्हणजे ‘क्लास’, लावून पान सजवायचं. टेलविंड ठेवावं असंच मत झालं आहे, पण त्याची मूळ मापं रोमन अक्षरांना बेतलेली आहेत. ती पहिल्याच दिवशी बदलायला हवीत.

सगळ्यात मोठी अडचण ओळींच्या उंचीची. ‘टेक्स्ट-५एक्सएल’ आणि त्यापुढच्या सगळ्या आकारांना लाइन-हाइट फक्त १ आहे. ‘वार्षिक सर्वसाधारण सभा’ फोनवर दोन ओळींत आलं की रफार आणि वेलांट्या वरच्या ओळीत घुसतात. लांब मजकूर एका ओळीत कापणारा ‘ट्रंकेट’ लावला तर आणखी वाईट, कारण तो चौकटीबाहेरचं लपवतो: वरून रफार जातो, खालून उकार. प्रत्येक शीर्षकाला ओळीची उंची ठरवणारा वेगळा ‘लीडिंग’ क्लास चिकटवत बसू नका. सीएसएस फाइलमधल्या ‘@थीम’ भागात प्रत्येक मोठ्या आकाराची लाइन-हाइट १.४ करा, सगळीकडे एकदम सुधारतं. तिथेच ‘ट्रॅकिंग’ची, म्हणजे अक्षरांमधल्या अंतराची, सगळी मापं ‘इनिशियल’ लिहून काढून टाका. अक्षरांत अंतर वाढलं की शिरोरेषा तुटते, आणि तयार नमुन्यांतून उचललेल्या बटणांत ‘ट्रॅकिंग-वाइड’ हमखास असतो. एचटीएमएल टॅगवर भाषा ‘एमआर’ लिहायला विसरू नका. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात.

दुसरा खड्डा सूचनांच्या मजकुरात. टेलविंडचा प्रीफ्लाइट, म्हणजे ब्राउझरची मूळ सजावट पुसणारा भाग, याद्यांचे आकडे आणि शीर्षकांचे आकार पुसतो. सेक्रेटरींनी एडिटरमध्ये घातलेले विषय क्र. १, २, ३ साइटवर बिनआकड्यांचे दिसतात. टेलविंडच्या टायपोग्राफी प्लगइनचा (लांब मजकूर सजवणाऱ्या जोडभागाचा) ‘प्रोज’ क्लास लावा, आणि क्रमांकांच्या यादीची शैली ‘देवनागरी’ ठेवा म्हणजे आकडे मराठी येतील. ‘प्रोज’च्या शीर्षकांचीही लाइन-हाइट कमी आहे, तीही वाढवा.

रंगांचं दुखणं वेगळं. पाणीकपात निळी, सभा केशरी असं ठरवून रंगाचं नाव स्प्रेडशीटमधून घेतलं आणि क्लासचं नाव कोडमध्ये जोडून तयार केलं, तर तो रंग येतच नाही. टेलविंड कोड चालवत नाही, फाइलींत पूर्ण लिहिलेली नावं तेवढी शोधतो. प्रत्येक प्रकारासमोर अख्खं क्लासनाव लिहा, किंवा ४.१ पासून आलेल्या ‘@सोर्स इनलाइन’मध्ये ती नावं द्या.

बूटस्ट्रॅप ५.३ हा असाच दुसरा तयार संच कुणी घ्यावा? ज्यांच्याकडे बिल्डची (कोडमधून अंतिम सीएसएस फाइल तयार करण्याची) व्यवस्था नाही आणि समितीतलं कुणी थेट एचटीएमएल बदलणार आहे, त्यांनी खुशाल घ्यावा. पॉपअप, अकॉर्डियन तयार मिळतात; टेलविंडमध्ये ते स्वतः बांधावे लागतात. शीर्षकांची लाइन-हाइट तिथेही १.२ च आहे, तेवढी वाढवा.

घेण्याआधी सभासदांचे फोन मात्र तपासा. टेलविंड ४ ला सफारी १६.४, क्रोम १११ किंवा फायरफॉक्स १२८ पासून पुढचं लागतं. आयफोन ७ आयओएस १५ वरच थांबतो, त्यामुळे त्यावर छाया आणि पारदर्शक रंग बिघडू शकतात. सोसायटीत ज्येष्ठांकडे असे फोन असतील तर टेलविंड ३.४ वरच राहा.