पुणे–लोणावळा: द्रुतगती मार्ग की जुना हायवे?

मावशी पहिल्यांदाच स्वतः गाडी चालवत लोणावळ्याला निघालीय. अंतर दोन्हीकडून साधारण 65 किलोमीटर.

वेळ: द्रुतगती मार्गावर सिग्नल नाहीत, तो जिंकतो. टोलही त्याचाच जास्त.

चालवायचा ताण मात्र नीट बघायला हवा. द्रुतगतीवर फाटा चुकला की पुढच्या फाट्यापर्यंत सुटका नाही. मागून येणारा ट्रक आरशात मोठा होत जातो, नवख्या हातांना तिथेच घाम फुटतो. जुना हायवे तळेगाव, वडगाव, कामशेतमधून जातो. दुचाकी आडव्या येतात, वेग मोडतो. पण हवं तिथे थांबता येतं. पावसाळ्यात कामशेतपुढची भातखाचरं तर बघावीतच!

मावशी, तू जुन्यानेच जा. घाई असेल, हात बसलेला असेल त्याने द्रुतगती घ्यावा. दुचाकीला तिथे बंदीच आहे.