जुना लॅपटॉप: पार्ट बदलावा, विंडोज बदलावं की मशीनच?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. तेव्हापासून एक प्रश्न सारखा कानावर येतो: लॅपटॉप २०१६-१७ चा आहे, स्लो झालाय, विंडोज ११ घेत नाही, आता काय करू? शोरूमवाला नवा दाखवतो, रिपेअरवाला एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी चिपवाली डिस्क) टाका म्हणतो, सोसायटीतला इंजिनिअर मुलगा लिनक्सचं, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टिमचं, नाव काढतो. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त दुखणं वेगवेगळं धरून बोलत असतात. मशीन स्लो असणं ही एक गोष्ट आणि विंडोज ११ न चालणं ही दुसरी. दोन्हींची सरमिसळ केली की नव्या लॅपटॉपवाचून उत्तरच दिसत नाही.

आधी दुखणं शोधा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा आणि मशीन रोजच्यासारखं वापरा: क्रोमचे पाच-सहा टॅब, एखादी एक्सेल, व्हॉट्सअ‍ॅप. डिस्क १०० टक्क्यांवर चिकटून बसलीय आणि स्पीड मात्र एक-दोन एमबीच दिसतोय, तर दोष हार्ड डिस्कचा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर, तर रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) कमी पडतेय. तुम्ही काहीच करत नसताना सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) ७०-८० टक्क्यांवर असेल, तर ते बहुधा सॉफ्टवेअरचं काम: अडकलेला अपडेट, नाहीतर एखाद्या फुकट डाउनलोडच्या पाठीवर बसून आलेलं काहीतरी. प्रोसेसेसमध्ये सीपीयूच्या रकान्यावर क्लिक केलं की त्याचं नाव सगळ्यात वर येतं. या तपासाला पैसा लागत नाही, तरी तो न करताच लोक दुकान गाठतात.

आणि कधीकधी लक्षण एकीकडचं नि दुखणं दुसरीकडचं असतं. डेस्कटॉपची तारीख रोज मागे जाते, बँकेची साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडवते. मग ब्राउझर काढून परत टाकला जातो, शेवटी फॉरमॅटही मारला जातो. दोष निघतो मदरबोर्डवरच्या सीआर २०३२ नावाच्या नाण्याएवढ्या सेलचा. मशीनचा वीजपुरवठा बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. तो संपला की तारीख काही वर्षं मागे जाते, त्या तारखेला साइटचं सर्टिफिकेट सुरूच झालेलं नसतं, आणि ब्राउझर इमानदारीत नकार देतो. सेल चिल्लर पैशांत मिळतो.

एसएसडी, रॅम की नुसता फॉरमॅट

जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुतेक ५४०० आरपीएमची असते, आतली तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती हेडखाली (वाचणाऱ्या भागाखाली) येईपर्यंत थांबणं आलं, त्याआधी हेड योग्य जागी सरकणं आलं. त्यामुळे विखुरलेले छोटे तुकडे वाचायचे तर सेकंदाला शंभराच्या आसपासच जमतात. विंडोज सुरू होताना नेमके असलेच हजारो तुकडे वाचते. एसएसडीत हलणारा भागच नाही, तिथे हा आकडा हजारोंत जातो. पाकिटावर ‘५०० एमबी प्रति सेकंद’ छापलेलं असतं ते एक मोठी फाइल सलग वाचण्याबद्दल. रोजच्या वापरात फरक जाणवतो तो या छोट्या तुकड्यांमुळे.

म्हणूनच हार्ड डिस्कवर मारलेला फॉरमॅट मला अर्धवट उपाय वाटतो. थोडे दिवस मशीन पळतं, मग परत पहिले पाढे पंचावन्न. वर डेटा हलवा, प्रिंटरचा ड्रायव्हर शोधा, हिशेबाचं टॅली परत टाका. सीपीयूवाला सॉफ्टवेअरचा दोष असेल आणि दुसऱ्या कशाने जात नसेल, तर फॉरमॅट जरूर मारा. पण दुकानात क्रॅक विंडोज टाकू देऊ नका. लॅपटॉप मूळ विंडोजसह घेतलेला असेल तर त्याच मशीनवर तीच एडिशन टाकल्यावर ती बहुतेक वेळा आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते.

रॅम भरली की विंडोज जास्तीचा माल डिस्कवर ठेवते. म्हणजे ४ जीबी रॅम आणि हार्ड डिस्क ही जोडी दुप्पट मार देते. आधी एसएसडी टाका. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. मग ८ जीबीचा विचार करा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली रॅमचे किती स्लॉट वापरात आहेत ते लिहिलेलं असतं. दोनपैकी एक रिकामा असेल तर काम सोपं. रॅमचा प्रकार बघून घ्या: डीडीआर३ च्या स्लॉटमध्ये डीडीआर४ बसत नाही, खाचच वेगळी असते. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असू शकते, तिथे विषय संपला.

विंडोज ११, लिनक्स की १० वरच

विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप किंवा सोय), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आय५-७२०० यू म्हणजे सातवी पिढी, नापास. आय५-८२५० यू पास. प्रोसेसर पास असूनही विंडोज ११ नकार देत असेल, तर बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) टीपीएम नुसतंच बंद ठेवलेलं नाही ना ते बघा. इंटेलच्या मशीनवर ते पीटीटी आणि एएमडीच्या मशीनवर एफटीपीएम या नावाने सापडतं. नापास मशीनवर आडमार्गाने ११ टाकणारे आहेत, पण तिथे अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्यावर नेट बँकिंग होतं त्या मशीनवर मी तरी हे करणार नाही. १० वरच राहायचं तर घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच जाहीर झाली होती. ती वेळ काढायला ठीक.

लिनक्सचाच एक प्रकार असलेल्या लिनक्स मिंटचं सुख असं की पेनड्राइव्हवरून, काही न पुसता, चालवून बघता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात का ते तासाभरात कळतं. ब्राउझर, मेल, यूट्यूब, ऑफिसऐवजीचं लिबरऑफिस, इन्स्क्रिप्ट कीबोर्डने युनिकोड मराठी, सगळं व्यवस्थित. घोडं अडतं ते ठरावीक सॉफ्टवेअरपाशी. टॅली विंडोजसाठीच बनतं. श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षं टाइप केलेल्या पत्रिका नि अहवालांचा साठा असलेल्या डीटीपीवाल्याने लिनक्सच्या वाटेला जाऊ नये. जुना फाँट टाकून मजकूर कदाचित दिसेलही, पण त्यात रोजचं काम होणार नाही. ई-टेंडर भरणाऱ्यांनी आपल्या डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर आहे का ते आधी बघावं.

नवा कधी?

मदरबोर्ड गेला, बिजागरीसकट स्क्रीन फुटली, किंवा ३२ जीबी ईएमएमसी स्टोरेजचं सेलेरॉन मशीन असेल, तर पैसे घालू नका. अशा ईएमएमसीच्या मशीनमध्ये स्टोरेजही बोर्डवरच चिकटवलेलं असतं. पण नवा घेताना ८ जीबी सोल्डर केलेली रॅम आणि रिकामा स्लॉट नाही, असा स्वस्त लॅपटॉप घरी आणलात तर हीच पंचाईत परत येईल. २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपचे भाव चांगलेच चढले, त्यामुळे रॅम नंतर वाढवू म्हणणंही स्वस्तात पडत नाही. मला कचेऱ्यांतून निघालेले, आठव्या पिढीचे रिफर्बिश्ड (वापरलेले, दुरुस्त करून विकलेले) लेनोवोचे थिंकपॅड किंवा डेलचे लॅटिट्यूड जास्त पटतात. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला घेणार असाल तर दुकानातच बायोस उघडून बघा, त्याला पासवर्ड लावलेला नको. चार्जर काढून अर्धा तास चालवा आणि वॉरंटी बिलावर लिहून घ्या.

विद्यार्थी, सेवानिवृत्त, नेटवरच काम असणारे यांनी एसएसडी आणि मिंट घ्यावं. सगळ्यात कमी खर्च तिथेच आहे. टॅली किंवा डीटीपी असेल आणि प्रोसेसर आठव्या पिढीचा असेल तर एसएसडी, जमल्यास रॅम आणि विंडोज ११. तेच काम सातव्या पिढीच्या मशीनवर चालू असेल तर रिफर्बिश्डसाठी पैसे बाजूला काढायला लागा. काहीही ठरलं तरी मशीन रिपेअरला देण्याआधी डेटाची कॉपी स्वतः काढा, आणि काढलेली हार्ड डिस्क दुकानात न सोडता परत मागून घ्या. ती अजून धड असेल तर यूएसबी केसिंगमध्ये घालून बॅकअपला चालते, नसेल तरी त्यावर तुमचं आधार, पॅन आणि बँकेची स्टेटमेंट्स आहेतच.