नवीन वादकांची भरती : एका ढोल-ताशा पथकाविषयी

जून लागला की पुण्यात ‘नवीन वादकांची भरती सुरू’ असे फलक चौकाचौकांत दिसू लागतात आणि लक्ष्मी रस्त्यावरच्या गणेश विसर्जन मिरवणुकीच्या रील मोबाईलवर फिरू लागतात. अशाच एका जाहिरातीवरून आमच्या मुलीने नदीपात्राजवळ सराव करणाऱ्या एका पथकात नाव नोंदवले. पालक म्हणून वरचेवर सरावाला जाऊन बसल्यामुळे या पथकाची बऱ्यापैकी ओळख झाली आहे.

शिकवण्याची पद्धत ही त्यांची सर्वांत जमेची बाजू. नवख्यांच्या कमरेला आल्या आल्या ढोल बांधत नाहीत. आधी टाळ्यांवर ‘हात’, म्हणजे वादनाचे ठरावीक ठेके, पक्के करून घेतले जातात. मग टिपरू (ढोल वाजवायची काठी) आणि थापी (दुसऱ्या हाताची थाप) यांचा मेळ बसेपर्यंत एखादा जुना वादक समोर उभा राहून तोच ठोका न कंटाळता वाजवून दाखवतो, आणि ताशाची तर्री, म्हणजे सलग कडकडाट, ऐकून ढोल नेमका कुठे उचलायचा हे कळल्याशिवाय कोणालाही पुढच्या रांगेत घेतले जात नाही. दोरी आवळून ढोल ताणणे, सराव संपल्यावर ते शेडमध्ये रचून ठेवणे, ही कामे मुलामुलींच्या वाट्याला सारखीच येतात. ज्ञान प्रबोधिनीचे संस्थापक आप्पा पेंडसे यांनी शाळकरी मुलांच्या हाती ढोल-ताशा देऊन जी शिस्त पुण्यात रुजवली, तिचा अंश इथे अजून टिकून आहे.

जाहिरात मात्र पुरेशी प्रामाणिक नाही. ‘प्रवेश विनामूल्य’ हे ठळक अक्षरांत छापलेले असते. कुर्ता आणि शेला यांचे पैसे भरायचे आहेत, हे नंतर कळते. कमरेला पडणाऱ्या वळांचा उल्लेख नसतो, आणि कानांचा तर नाहीच नाही. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा असताना पन्नास ढोलांच्या मधोमध उभ्या राहणाऱ्या मुलांना इअरप्लग देण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. हरित लवादाने २०२४ मध्ये पथकातील वादकांची संख्या ३० वर आणली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली, तेव्हा इतर पुणेकरांप्रमाणे मलाही हायसे वाटले होते. पण स्थगितीने कान वाचत नाहीत. इअरप्लग आम्हीच विकत आणले.

निरोप देण्याची व्यवस्थाही ढिसाळ आहे. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की नदीपात्रातला रस्ता बंद होतो, हे सर्वांना ठाऊक असते, तरी सराव रद्द झाल्याचा निरोप मुले घरातून निघाल्यावरच येतो.

एवढे असूनही, महाविद्यालयात जाणाऱ्या आणि संध्याकाळ मोकळी असलेल्या मुलामुलींनी या पथकात जरूर जावे. ज्यांना ताशाच शिकायचा आहे, त्यांनी नाव नोंदवण्यापूर्वी स्पष्ट विचारून घ्यावे. ताशाच्या जागा मोजक्या असतात आणि जुने वादक त्या सहसा सोडत नाहीत.