फ्लोअर ट्रेनर की ग्रुप क्लास: कोणत्या मुलाखतीची तयारी करायची?

ट्रेनरचं सर्टिफिकेट हातात आलं की पहिला अर्ज कशासाठी करायचा, फ्लोअरसाठी (म्हणजे जिममध्ये मेंबरला एकेकटं शिकवण्यासाठी) की ग्रुप क्लाससाठी, हा प्रश्न नवी मुलंमुली मला नेहमी विचारतात. पुण्यात मी या दोन्ही मुलाखती दिल्या आहेत, आणि आता इतरांचे डेमो बघायला बसतो. माझं मत आधीच सांगतो: दोन्हींची तयारी एकाच आठवड्यात करू नका. जिम एकच असली तरी दोन्हीकडे बघितल्या जाणाऱ्या गोष्टी फार वेगळ्या असतात. अमेरिकेतली एसीई ही संस्थासुद्धा पर्सनल ट्रेनर आणि ग्रुप इन्स्ट्रक्टर अशी दोन वेगळी सर्टिफिकेटं देते.

फ्लोअरच्या मुलाखतीत आधी तुमचं विचारणं बघतात. समोरचा म्हणतो, "मी 52 वर्षांचा. बीपीची गोळी चालू आहे, वजन उतरवायचंय. पहिल्या दिवशी काय कराल?" बरेच जण त्याला लगेच ट्रेडमिलवर चढवतात. तिथेच मुलाखत हातची जाते. आधी पार-क्यूचे, म्हणजे व्यायामाआधीच्या तब्येतीच्या प्रश्नावलीचे, 7 प्रश्न विचारायचे: छातीत दुखतं का, चक्कर येते का, सांध्याचा त्रास आहे का, वगैरे. एकाही प्रश्नाला 'हो' आलं, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सांगायचं. मग गोळी कोणती ते विचारायचं. ती बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी ठेवणारी गोळी) असेल तर नाडी नेहमीइतकी वर चढत नाही, म्हणून जास्तीत जास्त नाडी काढायचा 220 वजा वय हा हिशेब त्या माणसाला लागू पडत नाही. चालताना त्याला पूर्ण वाक्य बोलता येतंय का, यावरून वेग ठरवायचा. वजन उचलताना श्वास रोखू द्यायचा नाही. एवढं शांतपणे सांगता आलं, तर तुमचे दंड किती इंची आहेत याकडे कुणी बघत नाही.

नंतर बहुतेक ठिकाणी स्क्वॉट शिकवून दाखवायला सांगतात. स्वतः उत्तम मारून दाखवणं आणि शिकवणं यात फरक आहे. मुलाखत घेणारा मुद्दाम गुडघे आत पाडेल, टाचा उचलेल. तुम्ही एका वेळी एकच चूक सुधारायची. "गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने न्या" एवढं एकच वाक्य, मग दोन रेप (दोनदा केलेली तीच हालचाल) बघायचे, मग पुढची चूक. तालमीतून आलेल्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. आपल्या बैठकीत टाचा उचलल्या जातात आणि शरीराला तीच सवय लागलेली असते; जिममधल्या स्क्वॉटला टाच जमिनीवरच हवी. जोर-बैठकांची वर्षं लपवू नका, अभिमानाने सांगा. फक्त हा फरक तुम्हाला कळतो हे करून दाखवा.

फ्लोअरचा तिसरा भाग विक्रीचा. "फी जास्त वाटते म्हणणाऱ्या मेंबरला पीटी, म्हणजे पर्सनल ट्रेनिंग, कशी द्याल?" हे विचारतातच. महिन्यात पाच किलो उतरवून देतो, असं मुलाखतीतही बोलू नये. पहिल्या चार आठवड्यांत काय शिकवाल आणि काय मोजाल, ते सांगा.

ग्रुप क्लासची मुलाखत म्हणजे ऑडिशन. प्रश्न थोडे, पण पाच-दहा मिनिटांत सगळं उघडं पडतं. संगीत आठच्या चार ओळींत, म्हणजे 32 मात्रांत मोजता यायला हवं. पुढची स्टेप ती सुरू होण्याच्या चार मात्रा आधी सांगायची, नाहीतर मागची रांग हमखास चुकते. बॅचकडे तोंड करून उभं राहिलात तर आरशासारखं वागायचं: "उजवा पाय" म्हणताना तुमचा स्वतःचा डावा पाय हलायला हवा. हे ऐकायला सोपं आहे, पण अंगात मुरायला कित्येक दिवस घरी मोठ्याने बोलून सराव करावा लागतो. मनातल्या मनात केलेला सराव इथे उपयोगी पडत नाही, कारण उड्या मारताना बोलायला लागणारा दम हा वेगळाच दम आहे. स्टेपच्या क्लाससाठी (त्यात बुटक्या पाटावर चढ-उतर करतात) मिनिटाला 128 ठोक्यांपेक्षा वेगवान गाणं निवडू नका. प्रत्येक हालचालीचा एक सोपा प्रकार तयार ठेवा, कारण ऑडिशनला बसलेल्यांपैकी एखादा "माझा गुडघा दुखतो" म्हणणारच. झुंबा शिकवायचा असेल तर त्याचा परवाना लागतो. नुसतं नाचता येणं पुरत नाही.

सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून श्वास देणं, मात्र दोन्हीकडे विचारतात. मिनिटाला 100 ते 120 दाब, किमान 5 सेंटिमीटर खोल, 30 दाबांनंतर 2 श्वास. पाठ करू नका, पुतळ्यावर हात बसवून घ्या.

आता निवड. फ्लोअरला बहुधा ठरलेला पगार आणि पीटीतला वाटा मिळतो, पण सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या आणि टार्गेट असतं. ग्रुप क्लासला पैसे क्लासमागे: क्लास रद्द झाला की त्या दिवसाचे पैसे गेले, शिवाय एका जिममधून दुसरीकडे धावपळ. आवाजाचं काय होतं ते तर कुणी सांगतच नाही. माईक देणार का, हे मुलाखतीतच विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

घरखर्च तुमच्यावर असेल, माणसांशी एकेकटं बोलणं आवडत असेल, तर आधी फ्लोअर धरा. तिथे वर्षभरात गुडघे, कंबर, बीपी, शुगर असलेले इतके मेंबर हाताखालून जातात की पुढे क्लास घेताना नजर आपोआप चुकणाऱ्याकडे जाते. कॉलेज किंवा दुसरी नोकरी सांभाळून दिवसाचे दोनच तास देता येत असतील आणि ताल अंगात असेल, तर ग्रुप क्लासची तयारी करा. दोन्ही सारखंच आवडत असेल तर माझा कौल फ्लोअरला.

मुलाखतीच्या दोन दिवस आधी त्या जिममध्ये ट्रायल घेऊन एक तास घालवा. सकाळच्या बॅचला आजी-आजोबा आहेत की आयटीतली पोरं, ट्रेनर मराठीत बोलतात की हिंदीत, हे बघून ठेवा. डेमोचा व्यायाम आणि बोलण्याची भाषा त्यावरूनच ठरवा.