स्ट्रिमव्हेलिस: औषध चोख, पण मुदत सहा तासांची

औषधाच्या खोक्यावर छापलेली मुदत साधारण वर्ष-दोन वर्षांची असते. स्ट्रिमव्हेलिसची मुदत सहा तास आहे. बाळाच्या स्वतःच्या मूळपेशींत जनुक घालून पिशवी तयार झाली की सहा तासांच्या आत ती त्याच बाळाच्या शिरेत जायला हवी. त्यामुळे मे २०१६ मध्ये सगळ्या युरोपात विक्रीची परवानगी मिळाली तरी हे औषध द्यायची जागा एकच राहिली: मिलानचं सॅन रफाएल रुग्णालय. परळला एडीए-स्किड या जन्मजात आजाराचं निदान झालेल्या बाळाच्या आईबापांना इंटरनेटवर हे नाव सापडतं आणि पहिला प्रश्न येतो, 'हे आपल्याला मिळेल का?' हे परीक्षण त्यांच्यासाठी आणि त्यांना उत्तर द्यावं लागणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे.

आधी आजार. अ‍ॅडिनोसिन डीअमिनेज, बोलताना एडीए, हे पेशींतली टाकाऊ रसायनं मोडणारं एन्झाइम. त्याचं जनुक आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं आलं की डीऑक्सिअ‍ॅडिनोसिन साचत जातं. त्याचं विष सगळ्यात आधी लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींना बाधतं. टी, बी आणि एनके, तिन्ही जातींच्या पेशी नाहीशा होतात. याला एडीए-स्किड म्हणतात; स्किड म्हणजे जन्मतःच प्रतिकारशक्ती जवळजवळ नसणं. उपचार नसेल तर बहुतेक बाळं पहिल्या एक-दोन वर्षांत जंतुसंसर्गाने जातात.

हे एन्झाइम आणि हा आजार यांचं नातं १९७२ साली एलोइझ गिबलेट यांनी दाखवलं. त्या मुळात रक्तगटांच्या अभ्यासक. परळच्या केईएममध्ये डॉ. भेंडे यांनी १९५२ साली 'बॉम्बे' रक्तगट शोधला, तीच ही विद्याशाखा. आजही मुंबईत या आजारांची तपासणी केईएमच्याच आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयआयएचमध्ये होते, आणि त्या संस्थेची सुरुवातही रक्तगटांच्या केंद्रापासूनच झाली.

या औषधामागे संशोधकांची उभी कारकीर्द खर्ची पडली आहे, आणि त्याचे गुणदोष कळायला तेवढा इतिहास लागतो. १४ सप्टेंबर १९९० रोजी अमेरिकेत ब्लेझ आणि अँडरसन यांच्या गटाने चार वर्षांच्या एका मुलीला दुरुस्त केलेल्या टी पेशी दिल्या. १९९३ मध्ये डोनाल्ड कोन यांनी नवजात बाळांच्या नाळेच्या रक्तातल्या मूळपेशींवर प्रयोग केला. उपचार सुरक्षित ठरले, पण दुरुस्त पेशी टिकल्या फारच थोड्या. त्याची कारणं दोन. मज्जेत नव्या पेशींना जागाच केलेली नव्हती. शिवाय मुलांना पीईजी-एडीएची, म्हणजे हेच एन्झाइम बाहेरून देणारी, इंजेक्शनं चालू होती. ती विष काढून टाकत असल्यामुळे दुरुस्त पेशी आणि आजारी पेशी सारख्याच तगत होत्या. मिलानच्या अलेस्सांद्रो आयुटी, क्लाउदियो बोर्दिन्यॉन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दोन बाळांत इंजेक्शनं न देता, आधी मज्जेत जागा करणाऱ्या बुसल्फान या औषधाची हलकी मात्रा देऊन मूळपेशी सोडल्या आणि त्या रुजल्या. स्ट्रिमव्हेलिस म्हणजे त्या कृतीला मिळालेलं औषधाचं रूप.

ती कृती अशी. किमान तीन आठवडे आधी बाळाची मज्जा काढून राखीव साठा गोठवतात, किलोमागे कमीत कमी १० लाख सीडी३४ पेशी (सीडी३४ ही मूळपेशींची ओळखखूण). उपचार फसला तर परत द्यायला हाच आधार, म्हणून यात तडजोड नाही. मग प्रत्यक्ष उपचारासाठी भूल देऊन पुन्हा मज्जा काढतात. चुंबकी मण्यांनी सीडी३४ पेशी वेगळ्या करतात, वाढीच्या द्रव्यांत ठेवून त्यांना विभाजनाला लावतात आणि मग एडीएचं चांगलं जनुक वाहून नेणारा रेट्रोव्हायरस त्यांच्यावर सोडतात. हा जुन्या जातीचा गॅमा-रेट्रोव्हायरस फक्त विभाजन चालू असलेल्या पेशीतच शिरतो, त्यामुळे पेशींना काही दिवस बाहेर वाढवणं भाग पडतं. इकडे बाळाला बुसल्फान शिरेतून, किलोमागे ०.५ मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, सलग दोन दिवस: एकूण आठ मात्रा. प्रत्यारोपणाच्या पूर्ण मात्रेच्या मानाने हे पाव ते एक तृतीयांश भरतं. पिशवी चढवण्याआधी अँटीहिस्टामिन देतात.

पिशवीत किलोमागे २० लाख ते २ कोटी पेशी हव्यात. सात किलोच्या बाळाचा हिशेब मांडला तर किमान १ कोटी ४० लाख. त्याहून कमी भरल्या तर उपचार फसण्याची भीती असते आणि पिशवी द्यायची की नाही ते डॉक्टरांना त्या बाळाचा फायदा-धोका तोलून ठरवावं लागतं. पेच इथेच पडतो. बुसल्फान शरीरात गेलेलं असतं, मज्जा दबायला लागलेली असते आणि पिशवी कमी भरली किंवा जंतुदूषित निघाली तर माघारीची वाट फक्त गोठवलेल्या साठ्यातून. शिवाय जंतू वाढवून पाहायच्या नेहमीच्या चाचणीला दोन आठवडेही लागतात. सहा तासांच्या पिशवीला तेवढं थांबता येत नाही, म्हणून तिचा पूर्ण निकाल येतो तो पिशवी चढवून झाल्यावर.

गुण किती आला? मूळ अभ्यासातल्या १८ मुलांपैकी सगळी जगली आणि त्यांच्यावर लक्ष ठेवल्याचा मध्यम काळ जवळजवळ सात वर्षांचा होता. पुन्हा पीईजी-एडीए किंवा प्रत्यारोपण न लागता निभावलेली ८२ टक्के. हे आकडे शेजारी ठेवून पाहायचे ते प्रत्यारोपणाच्या. एडीए-स्किडमध्ये पूर्ण जुळणाऱ्या भावंडाची मज्जा दिली तर २०१२ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत ८६ टक्के मुलं जगली होती आणि अर्धी जुळणारी आईची किंवा वडिलांची दिली तर ४३ टक्के. त्यानंतर अर्ध्या जुळणीचं तंत्र पुष्कळ सुधारलं आहे, म्हणून ४३ हा आकडा आजचा समजू नये. पण दुसऱ्याच्या मज्जेत तिच्या पेशींनी बाळावर उलटण्याची भीती असते. ती स्वतःच्या पेशींत नसते, आणि मला या औषधाचं सगळ्यात मोठं मोल तिथे वाटतं.

दोष दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. या जातीचा विषाणू जनुक कुठेही टोचतो आणि त्याच्या टोकांना शेजारची जनुकं चेतवणारे भाग असतात. एक्स-स्किड, म्हणजे एक्स गुणसूत्रावरच्या जनुकातल्या दोषाने होणारं स्किड, यावरच्या पॅरिस आणि लंडनच्या प्रयोगांत २० पैकी ५ मुलांना याच कारणाने रक्ताचा कर्करोग झाला, बहुतेकांत एलएमओ२ जनुकाच्या शेजारी घुसल्यामुळे. एडीएमध्ये तसं होत नाही असं बरीच वर्षं वाटत होतं. २०२० मध्ये स्ट्रिमव्हेलिस दिलेल्या एका रुग्णात टी पेशींचा ल्युकेमिया निघाला. म्हणून उपचारानंतर ११ वर्षं दर वर्षी आणि नंतर १३ व्या व १५ व्या वर्षी तपासणी सांगितली आहे. 'एकदाच द्यायचं' म्हणजे 'एकदाच जायचं' असं कुणी समजू नये. आणखी एक गोष्ट पालकांना आधीच सांगायला हवी: एडीएच्या मुलांत बहिरेपण आणि वागण्या-शिकण्यातल्या अडचणी असतात, त्या या औषधाने जात नाहीत. ते फक्त रक्तातल्या पेशी दुरुस्त करतं.

२०१६ मध्ये किंमत ५,९४,००० युरो होती, तेव्हाच्या दराने जवळजवळ साडेचार कोटी रुपये. जीएसके या औषध कंपनीने आणलं, २०१८ मध्ये ऑर्चर्ड या कंपनीकडे गेलं आणि २०२३ मध्ये इटलीच्या टेलेथॉन फाउंडेशन या ना-नफा संस्थेने परवाना स्वतःकडे घेतला. इतक्या थोड्या रुग्णांच्या औषधात कंपन्यांना रस उरत नाही हे त्यातून दिसलं. फाउंडेशनने ते सांभाळलं याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर आहे.

यापुढची पिढी आली आहे. कोन यांच्या लॉस एंजेलिसच्या गटाने आणि लंडनच्या गटाने लेन्टिव्हायरस वापरला. तो विभाजन न होणाऱ्या पेशीतही शिरतो आणि त्याच्या टोकांचे चेतवणारे भाग काढून टाकलेले असतात. २०२१ मध्ये ५० मुलांचे निकाल छापून आले: सगळी जगली, ४८ जणांत उपचार लागू पडला, कर्करोग एकालाही नाही. त्यातल्या १० मुलांना गोठवलेल्या पेशी दिल्या होत्या आणि त्याही रुजल्या. मुंबईच्या दृष्टीने मला हाच निकाल सगळ्यात मोलाचा वाटतो. उणे १३० अंशांच्या खाली गोठवलेली पिशवी विमानाने येऊ शकते. सगळ्या चाचण्या हातात आल्यावरच बुसल्फान सुरू करता येतं. सहा तासांचा फास सुटतो. दुर्दैवाने ऑर्चर्डने त्यावरचा पुढचा खर्च थांबवला आणि हक्क कोन यांच्या विद्यापीठाकडे परत गेले.

मग हे इथे का होऊ नये? वेल्लोरच्या डॉक्टरांनी हिमोफिलिया ए असलेल्या पाच रुग्णांत त्यांच्याच मूळपेशींत लेन्टिव्हायरसने जनुक घालून दाखवलं, २०२४ मध्ये ते प्रसिद्धही झालं. आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालयाच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार१९ या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. त्यात टी पेशी लागतात, मूळपेशी नव्हेत, हा फरक मोठा आहे. पण लेन्टिव्हायरस बनवणं, स्वच्छ खोलीत पेशी वाढवणं, गोठवणं आणि रुग्णाच्या नावाची साखळी चुकू न देणं ही कामं मुंबईकरांच्या हाताखालून गेलेली आहेत. स्किडसाठी याच हातांना काम मिळावं अशी माझी तळमळीची इच्छा आहे.

आज मात्र परळमध्ये बसून काय करायचं, ते नीट सांगतो. पहिली पायरी साध्या सीबीसीची. पांढऱ्या पेशींच्या एकूण संख्येला लिम्फोसाइटच्या टक्क्याने गुणायचं: ६,००० आणि १५ टक्के म्हणजे ९००. वर्षाच्या आतल्या बाळात हा आकडा ३,००० च्या खाली असेल तर स्किड मनात यायलाच हवं. घोळ असा होतो की पुष्कळ लॅबच्या रिपोर्टवर मोठ्या माणसांचा पल्ला छापलेला असतो, १,००० ते ४,०००. बाळाचे १,८०० त्यात बसतात, आकडा ठळक होत नाही आणि कागद फाइलला लागतो. न हटणारा न्युमोनिया, तोंडातला पांढरा थर, जुलाब, वजन न वाढणं, किंवा बीसीजीच्या जागी चिघळणारी जखम आणि डाव्या काखेत गाठ, यांतलं काही असेल तर रिपोर्टवरची खूण न पाहता गुणाकार स्वतः करावा. एडीएमध्ये छातीच्या एक्स-रेवर थायमसची सावली नसते आणि बरगड्यांची पुढची टोकं वाटीसारखी पसरलेली दिसतात. न्युमोनियाचा डाग पाहताना नजर तिकडेही न्यावी.

दुसरी पायरी फ्लो सायटोमेट्री (पेशींच्या जाती मोजणारी तपासणी) आणि एडीएची पातळी. एनआयआयएच केईएमच्या बहुमजली इमारतीत तेराव्या मजल्यावर आहे, वाडिया रुग्णालयही परळलाच. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये रक्त घ्यावं, २४ तासांच्या आत पोचवावं आणि बर्फात मुळीच ठेवू नये. निघण्याआधी प्रयोगशाळेला फोन करून वेळ विचारावी. शनिवारी संध्याकाळी काढलेलं रक्त सोमवारी पोचलं तर पेशी मेलेल्या असतात आणि आकडे फसवे येतात.

सगळ्यात घातक चूक रक्त चढवल्यानंतर नमुना घेण्याची. एडीए लाल पेशींत मोजतात. दात्याच्या लाल पेशींत ते भरपूर असतं, त्यामुळे आजारी बाळाचा निकाल चांगला येतो आणि निदान हातचं निसटतं. वॉर्डात हिमोग्लोबिन ६ दिसलं की घाईने पिशवी लावली जाते. त्याआधी दोन मिलिलिटर रक्त जांभळ्या ट्यूबमध्ये काढून ठेवायला मिनिटही लागत नाही. आयव्हीआयजी (शिरेतून द्यायची तयार प्रतिपिंडं) देण्याआधी आयजीजी या रक्तातल्या प्रतिपिंडाचा नमुना घ्यावा. पहिल्या काही महिन्यांत दिसणारं आयजीजी आईचं असतं, त्यावर भरवसा ठेवू नये. संशय आला की पुढचं रक्त विकिरण केलेलंच मागावं, तोंडावाटे द्यायच्या पोलिओ आणि रोटाव्हायरसच्या लसी थांबवाव्यात. आयव्हीआयजी आणि कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक सुरू करणं, मज्जेच्या जुळणीसाठी भावंडांची तपासणी लावणं ही कामं रिपोर्टची वाट पाहत अडवून ठेवू नयेत.

पैशाचं गणित सरळ आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात स्किड हा एकदाच्या प्रत्यारोपणाने बरा होणाऱ्या आजारांच्या गटात आहे, केईएम त्या धोरणाखालचं उत्कृष्टता केंद्र आहे आणि मदतीची मर्यादा ५० लाख रुपये. मिलानच्या किमतीच्या ती जेमतेम नववा हिस्सा भरते, पण इथल्या प्रत्यारोपणाला तिचा खरा आधार होतो. जुळणारं भावंड असेल तर मिलानचा विचारही करू नये, आणि स्ट्रिमव्हेलिस मुळात जुळणारा नातेवाईक नसलेल्यांसाठीच आहे. उपचार म्हणून मी त्याला पाचपैकी चार देईन, मुंबईकरांच्या सोयीला एक.

घरात आधी एखादं बाळ असंच गेलं असेल तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका असतो. दोष माहीत असेल तर ११ ते १४ आठवड्यांत वारेच्या तुकड्यावरून तपासणी होते. माहीत नसेल तर बाळंतपणाच्या खोलीत नाळेचं दोन मिलिलिटर रक्त जांभळ्या ट्यूबमध्ये घ्यावं, आणि केसपेपरच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहावं: 'रिपोर्ट येईपर्यंत बीसीजी आणि पोलिओचे थेंब देऊ नयेत.' रात्रपाळीची नर्स बदलते, पान तेच राहतं.