आधी उलटी बाजू: सुलेमानियाच्या बाजारातलं जुन्या कुर्दी गालिच्यांचं दुकान

माझे बाबा इचलकरंजीत वहिफणी कामगार होते. बीम मागावर चढण्याआधी ताण्याचा एकेक धागा वहीतून (धागे वर-खाली करणाऱ्या मागाच्या चौकटीतून) आणि फणीतून ओवायचा, यात त्यांचा जन्म गेला. कापड घ्यायला आम्ही कुठेही गेलो तरी ते ठाण आधी पालथं करायचे, मग रंग बघायचे. त्यामुळे या दुकानाच्या म्हाताऱ्या मालकांनी पहिलाच गालिचा माझ्यासमोर उलटा अंथरला, तेव्हा मी चपला काढून खाली बसले ती अडीच तास उठले नाही.

सुलेमानिया हे इराकी कुर्दिस्तानातलं शहर. मी इथे दोन वर्षं एका बांधकाम कंपनीत मोजमापाचं काम करते. दुकानाला पाटी नाही. मोठ्या मशिदीच्या बाजूने बाजारात शिरायचं, मध आणि सुकामेव्याची दुकानं मागे टाकायची आणि कुणालाही 'मामोस्ता कुठे बसतात' म्हणून विचारायचं. मामोस्ता म्हणजे गुरुजी. मालक निवृत्त शिक्षक आहेत. मी त्यांना सवयीने काका म्हटलं आणि ते खुलले, कारण कुर्दीत काका म्हणजे थोरला भाऊ. तेव्हापासून मी त्यांची 'खुश्कम', म्हणजे बहीण. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत होतं. अडलं की माझ्या ऑफिसातली मैत्रीण कुर्दीतून समजावते.

मी घेतली ती जाफ नावाच्या भटक्या कुर्दी टोळीची खुर्जी. खरं तर खुर्जीचं एक तोंड, म्हणजे एका कप्प्याची पुढची बाजू. खुर्जी हा शब्द आपल्याकडे घोडेस्वारांबरोबर आला आणि घोड्यांबरोबरच गेला; जुन्या मराठीत तो सहज भेटतो. घोड्याच्या किंवा खेचराच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी दोन कप्प्यांची थैली, तीच ही. जाफ लोक हिवाळ्यात सिरवान नदीकडच्या सखल भागात राहायचे आणि उन्हाळ्यात कळप घेऊन पेंजवेनच्या डोंगरांकडे, तिथून पुढे इराणच्या बाजूला चढायचे. सगळा संसार जनावरांच्या पाठीवर. खुर्जीची मागची बाजू साधी पट्ट्यापट्ट्यांची विणायची आणि लोकांच्या नजरेस पडणाऱ्या पुढच्या बाजूवर गाठी मारून दाट लव उठवायची, अशी ही रीत.

माझा तुकडा 58 बाय 62 सेंटीमीटरचा आहे. ताणा लोकरीचा, बाणा लोकरीचा, लव लोकरीची. सुताचा एक धागा नाही. अंगभर शंकरपाळ्यांची जाळी आणि प्रत्येक शंकरपाळ्याच्या कडेला हुकासारखे वळलेले आकडे. रंग पाच-सहाच: मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा लाल, निळीचा गडद निळा, वांग्याच्या सालीसारखा जांभळा, थोडा हिरवा, लोकरीचा मूळ पांढरा आणि तपकिरी. रंगांची ओळ तिरकी चालते. लाल शंकरपाळ्यांची एक रांग कोपऱ्यातून निघून वर जाते, शेजारून निळ्यांची. लोकर इतकी चमकते की दारातून बघितलं तर एक रंग आणि खिडकीकडून बघितलं तर त्याच्याहून खोल दुसरा.

पण खरी गंमत उलट्या बाजूला आहे. साध्या गालिच्यात एक गाठ ताण्याच्या दोन धाग्यांवर बसते आणि वरच्या ओळीतली गाठ त्याच जोडीवर येते. म्हणून तिरकी रेघ जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांनी चढते. जाफ बायका पुढच्या ओळीत जोडीच मोडतात: डावीकडच्या जोडीतला एक धागा आणि उजवीकडच्या जोडीतला एक, त्यांच्यावर नवी गाठ. गाठ अर्धं पाऊल सरकते आणि रेघ सुरीच्या पात्यासारखी सरळ, उभट चढते. शंकरपाळ्याची धार एवढी तीक्ष्ण दिसते ती यामुळे. त्या रात्री मी व्हिडिओ कॉलवर बाबांना तुकडा दाखवला. पुढची बाजू त्यांनी फार वेळ बघितली नाही. 'उलटी धर. अजून जवळ.' मग बराच वेळ गप्प. शेवटी म्हणाले, 'जोडी मोडलीय बघ. चुकून नाही, मुद्दाम.' त्यांना कुर्दिस्तान नकाशात दाखवता येणार नाही, पण ती बाई काय करत होती ते त्यांना मिनिटभरात कळलं.

मी पट्टी लावून मोजलं. दहा सेंटीमीटरमध्ये आडव्या 28 गाठी, उभ्या 34. म्हणजे सगळ्या तुकड्यात 34 हजारांच्या आसपास. पीठ, मीठ, भांडीकुंडी भरायच्या थैलीसाठी!

दोष लपवलेले नाहीत, हे या दुकानाचं मोठेपण. गडद तपकिरी भाग बाकीच्या लवेपेक्षा खोल गेलाय. त्या रंगात लोखंडाचा अंश असतो आणि तो वर्षानुवर्षं लोकर खातो. त्यामुळे बाकीची नक्षी उठावासारखी वर आलीय. मला ते आवडतं, कुणाला आवडणार नाही. खालच्या कडेला दोन बोटं जागा नंतर भरलेली आहे. तिथला नारिंगी रंग रासायनिक आहे, हे मामोस्तांनी मी विचारायच्या आधी दाखवलं. लव बोटांनी फाकवली, तर टोकाला फिकट आणि मुळाशी भडक. आणि मागची पट्ट्यांची बाजू नाहीच. व्यापाऱ्यांनी पूर्वी अशा असंख्य खुर्ज्या कापून फक्त तोंडं विकली. अख्खी जोडखुर्जी मिळाली असती तर मी दुप्पट पैसे दिले असते.

याआधी दुसऱ्या एका शहरात मी फसलेय, म्हणून हे इतकं लिहितेय. तिथल्या चकचकीत दुकानात 'शंभर वर्षांचा टोळीचा गालिचा' म्हणून एक तुकडा मला विकला. घरी ओलं पांढरं फडकं दाबलं तर फडकं पिवळट झालं. जुनेपणाचा तो पिवळसर रंग वरून चढवलेला होता. मामोस्तांनी तर फडकं आणि पाण्याची वाटी स्वतःहून माझ्यासमोर ठेवली. माझ्या तुकड्याचा लाल पुसून बघितला, फडक्यावर फक्त धूळ आली.

दुकानात जाफ सोडूनही बघण्यासारखं आहे. एक इराणच्या बाजूच्या बिजारचा गालिचा होता. उचलायला दोघं लागले. बिजारमध्ये बाण्याचा धागा घातला की जड धातूच्या फणीने तो इतका ठोकतात की गालिचा फळीसारखा ताठ होतो. तो गुंडाळायचा, घडी घालायची नाही. एक छोटा सेन्नेचाही होता, म्हणजे इराणातल्याच आजच्या सनंदजचा, अंगाने पातळ आणि वीण फार बारीक. गालिच्यांच्या व्यापारात एका प्रकारच्या गाठीला 'सेन्ने गाठ' म्हणतात, पण सेन्नेचे विणकर स्वतः ती वापरत नाहीत. ते दोन्ही धाग्यांना वळसा घालणारी गाठ मारतात, जी माझ्या खुर्जीतही आहे. मामोस्तांना या नावांचा मनापासून त्रास होतो. कुर्दी बायकांनी विणलेले गालिचे बाजारात 'हमदान', 'मोसूल' नाहीतर 'युरुक' म्हणून गेले. ज्या गावात विकले त्याचं नाहीतर दुसऱ्याच भटक्या लोकांचं नाव लागलं, विणणारीचं नाही.

सनंदजवरून त्यांनी अदेला खानमची गोष्ट सांगितली. ती सनंदजची मुलगी, लग्न होऊन सुलेमानियाजवळच्या हलबज्याच्या जाफ सरदारांच्या घरात आली, आणि नवऱ्यानंतर 1924 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, तिथला कारभार तिच्या शब्दावर चालला. इंग्रजांनी तिला 'खान बहादूर' किताब दिला. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांवर दिसणारा हा किताब एका कुर्दी बाईला मिळाला होता, हे मला इथे कळलं.

हलबजा म्हटल्यावर मामोस्तांनी चहाचा पेला खाली ठेवला. 16 मार्च 1988 ला त्या गावावर विषारी वायू टाकला. त्याच वर्षीच्या अनफाल मोहिमेत सद्दामच्या राजवटीने कुर्दी गावं हजारोंनी पाडली आणि माणसं सरकारी वसाहतींत नेऊन टाकली. 'तिथे मेंढ्या कुठे ठेवणार?' ते म्हणाले. मेंढ्या नाहीत तर लोकर नाही, आणि जमिनीवर खुंट्या ठोकून आडवा माग मांडायला जागाही नाही. त्यांच्या आईची विणायची लोखंडी फणी दुकानात खिळ्याला टांगलेली आहे. ती विकायची नाही.

आता व्यवहाराचं. किमतीच्या चिठ्ठ्या नाहीत. मला 420 डॉलर सांगितले, 360 ला दिली. कार्ड चालत नाही. पावती हाताने लिहून देतात: माप, टोळी, अंदाजे वय (माझ्या खुर्जीचं 80 ते 100 वर्षं) आणि दुरुस्ती कुठे आहे तेही. वरच्या मजल्यावर उजेड कमी आहे, तुकडा दारात आणून बघा. ते नाही म्हणत नाहीत. जिना उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच बसावं, माल खाली येतो. धुळीने मला दोन दिवस खोकला होता. बांधून देताना त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळलं आणि बजावलं की प्लास्टिकमध्ये ठेवू नकोस, लोकर कोंदटते.

जायच्या आधी जमलं तर इराकी कुर्दिस्तानची राजधानी एर्बिल, तिथल्या किल्ल्यातलं कुर्दी वस्त्रसंग्रहालय बघून या. 2004 मध्ये लोलान सिपान यांनी उभं केलं आहे. तिथे काचेआड आणि भिंतीवर जे बघाल, ते इथे हातात घेऊन पालथं करता येतं.

शुक्रवारी दुकान बंद. सकाळी दहा-अकराला गेलात तर दारात ऊन असतं आणि मामोस्तांना वेळही असतो. बिजारचा गालिचा अजून तिथेच आहे. मी पुढच्या महिन्यात बाबांना इथे आणतेय, आणि त्यांना घेऊन पहिल्यांदा तिकडेच जाणार आहे.