न उघडलेल्या इंजिनाचे ६४,५०० रुपये

जुन्या गाड्यांच्या नादात असलेल्यांना गॅरेजवाल्यांची रीत मी वेगळी सांगायला नको: आधी "किरकोळ ट्यूनिंग", मग "इंजिन गेलंय साहेब", मग ॲडव्हान्स, मग "पार्ट मिळत नाही", आणि शेवटी गाडीतला मूळ पार्टच गायब. हे सगळे ऐकून माहीत असूनही पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने माझ्या १९६८ सालच्या फियाट ११०० डिलाइटच्या नावावर माझ्याकडून ६४,५०० रुपये काढले आणि इंजिनाला हातसुद्धा लावला नाही.

तक्रार साधी होती. सकाळी चोक ओढूनही बराच वेळ सेल्फ मारावा लागे आणि सिग्नलला उभी राहिली की गाडी थरथरून बंद पडे. रस्त्यावर वेगात मात्र ती सुरेख चालत असे. आयडलिंगला, म्हणजे उभ्या उभ्या, रडणारी आणि वेगात सुधारणारी गाडी आधी हवेची गळती, कार्बोरेटरचा पायलट जेट आणि प्लगची ठिणगी सांभाळणारे पॉइंट-कंडेन्सर तपासायला सांगत असते, इंजिन उतरवायला नव्हे. त्या गृहस्थाने बॉनेट उघडून दोन मिनिटे कान दिला आणि "कॉम्प्रेशन संपलंय, हाफ इंजिन करावं लागेल", म्हणजे इंजिन उघडून पिस्टन-रिंग आणि बेअरिंग बदलावे लागतील, असा निकाल दिला. सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज त्याने लावलाच नाही. गेज न लावता जो कॉम्प्रेशनबद्दल बोलतो, त्याच्या दारातून गाडी ढकलत का होईना, पण परत आणावी.

मी १५,००० रुपये ॲडव्हान्स दिला. नंतर पिस्टन-रिंग आणि बेअरिंगसाठी २८,५००, लेथवाल्याचे म्हणून १२,००० आणि कार्बोरेटरच्या कामाचे ९,००० असे पैसे गेले. यातली लेथवाल्याची रक्कम भलत्याच माणसाच्या नावाच्या खात्यावर गेली. "तो आमचा लेथवाला" या एका वाक्यावर मी थांबलो, कारण नाना पेठेपासून कुठेही लेथचे काम असेच तोंडी चालते. बिल म्हणून हाती पडला तो एक कोरा कागद. त्यावर ना जीएसटी क्रमांक, ना सही.

आता तो क्षण, जो आठवला की अजून रात्री झोप लागत नाही. "तुमचे जुने पिस्टन बघून जा," असा त्याचा फोन आला. वर्तमानपत्रावर चार पिस्टन ओळीने मांडले होते. मी एक उचलला. तो कोरडा ठणठणीत होता, बोटाला तेलाचा ठिपका लागला नाही आणि रिंगांच्या खाचांत लाल गंज होता. कालपर्यंत चालणाऱ्या इंजिनातून निघालेला पिस्टन तेलाने माखलेला असतो. त्याला रात्रीत गंज कुठून चढणार? मी फोटो काढला आणि पिस्टन जागेवर ठेवला. फियाटच्या १०८९ सीसी इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६८ मिलिमीटर, आणि माझ्या फोटोत पिस्टनला टेकून पडलेल्या त्याच्याच पोलादी पट्टीवर पिस्टनची रुंदी ७३ मिलिमीटर अशी स्वच्छ वाचता येते. ७३ मिलिमीटर हा १४८९ सीसीच्या ॲम्बेसेडरचा बोअर. म्हणजे भंगारातले ॲम्बेसेडरचे पिस्टन मला माझे म्हणून दाखवले. पण मला सांगा, गॅरेजमधल्या त्या मिणमिणत्या बल्बखाली, शेजारी आणखी दोन जुन्या फियाट उघड्या पडलेल्या असताना, मापे घ्यायचा व्हर्नियर खिशात घेऊन कोण उभा असतो? मला या गॅरेजमध्ये ओळखीच्याच माणसाने पाठवले होते. संशय घ्यायचा तर कोणावर घ्यायचा?

गाडी परत आली तेव्हा आयडलिंग गुळगुळीत होते. ते तसे का होते, तेही लिहून ठेवतो: आयडल स्क्रू आवळून आरपीएम वाढवले आणि हवा-पेट्रोलच्या मिक्स्चरमध्ये पेट्रोल वाढवले की थरथर काही दिवस झाकली जाते. प्लग काढून पाहा; काळी काजळी असेल तर दुरुस्ती झालेली नाही, तुम्हाला फक्त जास्त पेट्रोल पाजले आहे.

दुसऱ्या मेकॅनिकने प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा सोडला. "नव्या" पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचा जाड थर होता. पिस्टन काढायला जे इंजिनाचे वरचे झाकण उघडावे लागते, त्या हेडच्या नटांवरचा जुना रंग आणि मळ तसाच होता, पान्याचा ओरखडासुद्धा नाही. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन १२० ते १२५ पौंड, म्हणजे इंजिन मुळात ठणठणीत. दोष होता कार्बोरेटरखालच्या तडकलेल्या पॅकिंगमध्ये आणि कमजोर कंडेन्सरमध्ये. पॉइंट जळून निळे पडले होते. नवे पॅकिंग, पॉइंट, कंडेन्सर आणि मजुरी मिळून १,८५० रुपये लागले. त्यातच कळले, की माझा मूळ सोलेक्स कंपनीचा कार्बोरेटर काढून त्याजागी बाजारातली नक्कल बसवली आहे, आणि तिचा तळसुद्धा सपाट नाही.

यानंतर तक्रारीचा वनवास सुरू झाला. पोलीस चौकीत "गाडी तुम्हीच दिलीत, पैसे तुम्हीच दिलेत, मग फसवणूक कसली? ही दिवाणी बाब आहे," असे ऐकवले. मी पिस्टनचा फोटो पुढे केला, तर हवालदारसाहेबांनी विचारले, "हे काय आहे?" अर्ज घेतला, पोच मागितल्यावर "साहेब आल्यावर" असे उत्तर मिळाले, आणि साहेब मी असेपर्यंत कधीच आले नाहीत. फोनवरच्या तक्रार केंद्राने तक्रार नोंदवून "समोरच्याकडून प्रतिसाद नाही" या शेऱ्यासह बंद केली, जणू प्रतिसाद आणणे हे माझे काम होते. एका कार्यालयातल्या बाईंनी तर "एवढी जुनी गाडी वापरताच कशाला?" असा सल्ला दिला. चोरी कार्बोरेटरची होते आणि जबाब मालकाने गाडीच्या वयाबद्दल द्यायचा! शेवटी मी जिल्हा ग्राहक आयोगात जायचे ठरवले आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते. पण आतले काम झाले नाही हे सिद्ध करायला तज्ज्ञाचा लेखी अहवाल हवा, आणि दुसऱ्या गॅरेजवाल्याविरुद्ध सही करायला कोणी मेकॅनिक धजत नाही.

म्हणून गाडी सोडण्यापूर्वी कार्बोरेटर, डिस्ट्रिब्यूटर आणि इंजिन नंबर यांचे जवळून फोटो काढा आणि हेडच्या दोन नटांवर रंगाचा ठिपका द्या. काढलेला प्रत्येक पार्ट घरी आणा, आणि आणल्यावर मोजा. रक्कम गॅरेजच्या नावाखेरीज कोणाच्याही खात्यावर टाकू नका.

माझ्या सोलेक्सच्या चोकच्या दांडीजवळ कानशीने मारलेली एक तिरकी खाच आहे आणि फ्लोट चेंबरच्या झाकणाचा एक स्क्रू पितळी आहे. असा कार्बोरेटर "ओरिजिनल" म्हणून कोणी विकायला आणला, तर पैसे देण्याआधी तो कुठून आला ते विचारा आणि मला कळवा.